परीक्षा होऊ दे, मग सांगू

मी बेंगळुरूला निघाले त्या दिवशी आप्पांनी जीप रिकामी काढली. निपाणीकडचं वडाप ज्यांनी पाहिलंय त्यांना याचा अर्थ कळेल. वडाप म्हणजे ठरलेल्या रस्त्यावर माणसं भरून नेणारी गाडी. तिच्यात जागा मोजत नाहीत, मावतील तेवढी माणसं घेतात. माझे वडील स्टँडबाहेर उभे राहून ओरडायचे, "चला चिकोडी, चिकोडी. बसा मावशी, लगेच सुटणार." लगेच कधीच सुटत नसे. त्या दिवशी मात्र बेळगाव स्टेशनापर्यंत जीपमध्ये आम्ही तिघंच होतो, आप्पा, आई आणि मी. संकेश्वरला ओळखीच्या दोघांनी हात केला, तेव्हा आप्पांनी खिडकीतून मान काढून सांगितलं, "जागा न्हाई." मागची बाकं मोकळी दिसत होती.

आई म्हणाली, "लोकं काय म्हणतील?"

"म्हणू देत. आज पोरीची गाडी हाय."

प्लॅटफॉर्मवर त्यांनी डब्यात चढून बेंगळुरूतल्या यशवंतपूरला उतरणाऱ्या एका काकूंना शोधून काढलं आणि मला त्यांच्या हवाली केलं. मी बी. ए. झालेली, नोकरी लागलेली मुलगी. मला लाज वाटत होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे कॉलेज झालेल्या मुलीला एकटीला गाडीतून उतरता येतं यावर आप्पांचा विश्वास नव्हता. खाली उतरताना म्हणाले, "तिकडं न्हाई जमलं तर परत ये. जमलं तरी ये." गाडी हलल्यावर "पोचली की फोन कर" हे ते अशा आवाजात ओरडले की स्टेशनातल्या कर्ण्याचा आवाज खाली पडला. सगळा डबा हसला. काकूंनी विचारलं, "वडील रेल्वेत आहेत का?"

बेंगळुरूत जे. पी. नगरला मला शांताक्कांच्या घरात वरची खोली मिळाली. शांताक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. कापडाचं दुकान, घरात मराठी, दारात कन्नड, आणि बोलताना दोन्ही एकाच ताटात. "स्वल्प मीठ कमी पडलंय" असं वाक्य मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं, आणि आता मीही तसंच बोलते. रोज सकाळी कंपनीची बस मला बोम्मसंद्राला न्यायची. औषधांच्या खोक्यांवर छापायचा मजकूर तपासणं हे माझं काम होतं आणि आहे. ऑफिसात हिंदी, मेलमध्ये इंग्रजी, गेटवर कन्नड. कन्नड मला येत होती, पण ऑटोवाले माझं पहिलं वाक्य ऐकून विचारायचे, "बेळगावा?" त्यांचं चूक नव्हतं. मी तिकडचीच होते, फक्त आता तिकडे नव्हते.

संध्याकाळी मी आप्पांना फोन करायची. त्या वेळी ते स्टँडवर असत. "जेवलीस का? ओ मामा, चिकोडी काय? या की. हां, जेवलीस का?" माझं उत्तर पुरं व्हायच्या आत दोन गिऱ्हाइकं बसलेली असत. माझ्यासारखे घर सोडून आलेले लोक घराच्या वासाबद्दल, चवीबद्दल लिहितात. मला घर आठवायचं ते कानांनी.

एम. ए. करायचं मी इथे येऊन ठरवलं. पत्राने, म्हणजे घरी बसून अभ्यास आणि रविवारी वर्ग. नाटकाच्या पेपरला एक ग्रीक शोकांतिका होती, अडीच हजार वर्षांपूर्वीची. निपाणीच्या मराठी शाळेतून आलेल्या मला सुरुवातीला त्यातली नावंसुद्धा तोंडात बसेनात. गोष्ट मात्र लगेच बसली. एक राजा आहे. भविष्य वाईट आहे असं कळल्यावर ते टाळायला तो घर सोडतो, परक्या गावात येतो, तिथे राजा होतो. राज्यात रोगराई येते. एका जुन्या खुनामुळे ती आली असं कळल्यावर तो खुनी शोधायला निघतो आणि शोधता शोधता स्वतःपर्यंत येऊन पोचतो. परकं समजून ज्या गावात तो शिरला ते त्याचं जन्मगाव होतं.

नाटककाराची माहिती मी प्रश्नाची तयारी म्हणून वाचली आणि ती मनातून गेलीच नाही. तो मोठ्या शहरात नावाजला, पुष्कळ नाटकं लिहिली, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली. अगदी म्हातारपणी त्याने त्याच राजाला पुन्हा लिहायला घेतलं, आंधळा, देशोधडीला लागलेला, आणि त्याला शेवटी विसावा दिला तो नाटककाराच्या स्वतःच्या जन्मगावी. ते गाव शहरापासून फार लांबही नव्हतं म्हणे. तरी तिथे परत जायला त्याला नव्वदीला टेकावं लागलं.

आमच्या मॅडम संज्ञा फार साध्या करून सांगत. नायकाच्या हातून होणारी मोठी चूक म्हणजे हमार्शिया. अज्ञानातून ज्ञानात येण्याचा क्षण म्हणजे ओळख. मृत्यू, रक्तपात असलं काही रंगमंचावर दाखवायचं नाही, ते आत घडतं आणि दूत येऊन सांगतो. आणि प्रेक्षकांना ठाऊक असतं, पात्राला नसतं, ती ड्रॅमॅटिक आयरनी. "गोष्ट सगळ्यांना आधीच माहीत असायची," मॅडम म्हणाल्या. "मग लोक यायचे कशाला? त्याला कसं कळतं, ते बघायला."

थंडीत शांताक्का अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसत, तेव्हा मी त्यांना ते नाटक मराठीत सांगत असे. तेवढाच माझा सराव.

"आणि मागं उभं राहून गाणी म्हणतात ती माणसं कोण ग?"

"तो कोरस, अक्का. गावातली वयस्कर माणसं."

"सरी, बरं. एवढ्या म्हाताऱ्यांत एकालाही त्याला बाजूला घेऊन सांगता येत नाही? आमच्या गल्लीत असता तर नाश्त्याच्या आधी कळलं असतं."

राणीला सत्य राजाच्या आधी उमगतं आणि ती त्याला विनवते की आता पुढे विचारू नकोस, या जागेवर त्यांचे हात थांबले. "शहाणी बाई," त्या म्हणाल्या. "पण तो ऐकायचा नाही. पुरुष ना." आणि पुन्हा सोलायला लागल्या.

आयरनीचं उदाहरण माझ्या स्वतःच्या आयुष्यातच आहे, हे मला कंपनीच्या बसमध्ये सुचलं. दहावीच्या परीक्षेच्या, आमच्या एसएसएलसीच्या, वेळी माझे थोरले काका बेळगावच्या दवाखान्यात वारले. ते मला शेवटच्या पेपरनंतर कळलं. आमच्याकडे अशीच रीत. पोर परीक्षेला बसलंय ना, मग वाईट बातमीने थांबायचं. "परीक्षा होऊ दे, मग सांगू." त्या आठवड्यात मी रोज रिबीन बांधून गल्लीतून जायची, आणि बायका दारात उभ्या राहून माझ्याकडे जरा जास्तच मायेने बघायच्या. म्हणजे सगळी गल्ली प्रेक्षक, आणि पात्र मी एकटी. इतकं अचूक उदाहरण सापडल्यावर मी खूश झाले. उत्तरात लिहायचंच, असं ठरवलं.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन बंद लागायला लागला.

आईला लावला तर आई म्हणायची, "चिकोडीला गेल्यात." दुसऱ्या दिवशी, "अंघोळीला गेल्यात." मग, "झोपल्यात, दमल्यात लई. तू अभ्यास कर." त्यांच्या फोनचा चार्जर बिघडलाय, असंही तिनेच सांगितलं. मी अभ्यास करत होते. पेपर सुरू झाले होते. पण आप्पांचा आवाज कानावर पडला नाही की माझा दिवस पुरा झाल्यासारखा वाटेना. एकदा शांताक्कांना म्हटलं, "आप्पांशी बोलणंच होत नाही हो." त्यांनी माझ्या ताटात न विचारता आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "परीक्षा संपली की पोटभर बोल."

रविवारी मामा आला. आईचा हा भाऊ गुळाचा ट्रक घेऊन यशवंतपूरच्या बाजारात येतो. आला की मला बोलावून घेतो, आईने दिलेली चटणी आणि कडक भाकरी देतो, आणि बेंगळुरूच्या रस्त्यांना तोंडभर शिव्या देऊन परत जातो. त्या दिवशी त्याने शिव्या दिल्या नाहीत. ट्रकमधून ढेपा उतरत होत्या आणि तो त्यांच्याकडेच बघत बोलत होता.

"परीक्षा कवा संपतीया?"

"गुरुवारी. नाटकाचा पेपर राहिलाय."

"हां. मग ये की गावाकडं."

"आप्पा कसे आहेत?"

"बरं हाईत की."

"फोन का बंद आहे त्यांचा?"

"पाण्यात पडला."

"आई म्हणाली चार्जर बिघडला."

मामाने टॉवेलने मान पुसली. "शिकल्याली माणसं लई प्रश्न इचारत्यात बघ."

"मामा, जीप कोण चालवतंय?"

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. बाजारात हमालांचा केवढा गलका होता. मग हळू म्हणाला, "वैशू, आता नको इचारू. गुरुवार होऊ दे."

नाटकातली ही जागा मला पाठ होती. राणीचं बोलणं, मग म्हाताऱ्या मेंढपाळाचं, मला बोलायला लावू नका म्हणणारं. सगळं मी समासात लिहून ठेवलं होतं. मी मामाचा हात धरला आणि विचारलं, "आहेत ना?"

"हाईत ग. हाईत. अंगावरनं वारं गेलंय. उजवी बाजू गेली. बोलता येत न्हाई."

मी जे. पी. नगरला कपडे घ्यायला आले, तर शांताक्कांनी माझा डबा भरून ठेवला होता. मामाने मधल्या वेळात त्यांना कळवलं असणार. मी जिन्यापाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. "तुझ्या आईनं मला फोन केलेला, आधीच," त्या म्हणाल्या. "पोरीला सांगू नका म्हणाली. मी सरी म्हणाले. काय करू मग?" मला राग आला नाही. त्यांचे डोळे माझ्या आधी भरले होते.

घरी पोचले तेव्हा आप्पा बाजेवर उशीला टेकून बसले होते. मला दारात बघितलं आणि त्यांचा चेहरा अर्ध्या बाजूने फुलला. दुसऱ्याच क्षणी तो रागाने आवळला. त्यांनी डावा हात वर केला आणि हवेत लिहिल्यासारखी बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

आई म्हणाली, "हेच करत होते बघ पैल्या दिवशी. आमाला वाटलं कागद मागत्यात. कागद दिला तर फेकून दिला. पेन दिलं तर फेकलं. नर्सबाई म्हणाली बिलावर सही करायची असंल. मी तुला लावाय फोन घेतला तर माझा हात धरला, सोडंनात. तवा मामाला कळलं. म्हणाला, वैशूची परीक्षा म्हणत्यात."

म्हणजे गप्प राहण्याचा हुकूम आईचा नव्हता. ज्यांचं बोलणं गेलं होतं त्यांनीच सगळ्यांची तोंडं बंद केली होती. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. त्यांनी माझा हात धरला आणि तळव्यावर पुन्हा तेच, बोटाने लिहायची खूण. मी म्हटलं, "पुढच्या वेळी देते पेपर. नाटक कुठं जात नाही." त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. मी अजूनही तो काय होता ते ठरवू शकलेले नाही.

तो पेपर मी पुढच्या वेळी दिला आणि पास झाले. मॅडम सांगत, हमार्शिया शोधा, चूक कुठे झाली ते शोधा. आमच्या घरापुरतं मला ते उत्तर लिहिता येणार नाही. शिकलेल्या पोरीसाठी गाडी रिकामी नेणारा माणूस, तिचं शिकणं अडू नये म्हणून मुका झाल्याचंही लपवणार. त्याला चूक म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण मला कळायला हवं होतं, हेही तितकंच खरं आहे. त्या दिवसांत मी इथे अवरेकाईच्या उसळीबरोबर भात खात होते आणि तिथे आई त्यांना चमच्याने पाणी पाजत होती.

त्या वेळी बेंगळुरूला परत निघण्याआधी मी आईकडून वचन घेतलं, की इथून पुढे मला आधी सांगायचं, परीक्षा असो की काही असो. आई म्हणाली, "आणि तितं एकटी रडत बसलीस तर?" मी म्हटलं, "बसू दे." शेवटी तिने वचन दिलं, आणि आता ते इतकं काटेकोर पाळते की कधी कधी मलाच हसू येतं. आज गोळी थुंकून दिली. आज भिंतीला धरून न्हाणीपर्यंत गेल्यात. शेजारचा म्हातारा पडला. आज जीप विकली, चिकोडीच्या माणसानं नेली, आप्पा दारात बसून बघत होते. हेही त्याच दिवशी सांगितलं तिने. मी बोम्मसंद्राच्या कॅन्टीनमध्ये उभी होते.

जे माझ्यासारखे निघून आले त्यांना, आणि जे मागे राहिले त्यांनाही हे सांगावंसं वाटतं. आम्ही घर सोडलं तेव्हापासून घरातलं सगळं आमच्या दृष्टीने, त्या नाटकातल्यासारखं, आतच घडतं. आम्हाला दिसत नाही, कुणीतरी येऊन सांगेल तेवढंच. मी आता शांताक्कांच्या घरातच राहते, इथल्या दुधवाल्याशी कन्नडमध्ये भांडते, मतदानाचं कार्डही इथलं झालंय. तरी घर कुठलं असं कुणी विचारलं तर, जिथली वाईट बातमी ऐकण्याचा मला हक्क आहे ते, असं उत्तर देईन. गोड बातमी काय, कुणीही सांगतं.

गेल्या आठवड्यात ऑडिटमुळे मला दोन दिवस फोन जमला नाही. तिसऱ्या दिवशी केला तर आई म्हणाली, "आज तुझ्यावर रागावल्यात."

"कशावरून?"

"मगाशी म्हटलं फोन लावू काय पोरीला, तर तोंड भिंतीकडं फिरवलं."

"आता कानाला लाव त्यांच्या."

फोन सरकल्याचा, बाज करकरल्याचा आवाज आला. मी "आप्पा" म्हटलं, पुन्हा म्हटलं. मग आईचाच आवाज आला.

"न्हाई घेत. खोटं कशाला सांगू तुला? उद्या कर."