कोऱ्या कागदाचा वैरी

माझ्या वकिलाने कोऱ्या कागदावर माझी सही घेतली आणि मला न विचारता दुकानाच्या खटल्यात तडजोड करून टाकली. म्हणून मी नामपल्लीतल्या दुसऱ्या एका वकिलांकडे गेले. वकिलांविरुद्धच्या तक्रारी लढवण्यात त्यांची हयात गेली होती. बोलण्याआधी ते चष्मा काढून गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीने पुसायचे आणि मग देवाचं नाव घ्यावं तसं "नीतिमत्ता" म्हणायचे. भिंतीवर त्यांच्याच व्याख्यानांचे फोटो होते, प्रत्येकात माईक आणि वर केलेलं बोट.

माझी हकिकत ऐकून ते बोट माझ्याकडे वळलं. "ताई, कोऱ्या कागदावर सही कैकू केली तुम्ही? शिकलेल्या-सवरलेल्या ना तुम्ही!" पाऊण तास मी मान खाली घालून ऐकत राहिले. मला खरंच शरम वाटली.

मग त्यांना कोठी भागात व्याख्यानाला जायची घाई झाली. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यासमोर सरकवला आणि पेनाचं टोपणही काढून दिलं.

"इथं खाली सही करा. तक्रार मी नंतर टाईप करून घेतो."

कागद कोरा होता. मी टोपण लावून पेन परत दिलं.

पुन्हा बोट वर झालं. "वकिलावर एवढा अविश्वास बरा नै, ताई."