साओ पाउलोत अर्बाबचा नाश्ता

परवा इथल्या, मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या एका वहिनींचा फोन आला. त्यांच्याकडे दर शुक्रवारी मी मवालेहच्या मंडईतून भाजीची पेटी पोचवतो, एवढीच आमची ओळख.

"भाई, तुम्ही म्हणे ब्राझीलला जाऊन आलात?"

"आलो ना, वहिनी. चांगला जिवंत आलो."

"मग सांगा की काहीतरी! यांना सोहारच्या कारखान्यातून साओ पाउलोला पाठवतायत. मीही जाणार. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं काय काय धरून चालायचं?"

वहिनी पुण्याच्या, एम.ए. झालेल्या. मी दापोलीकडच्या खाडीवरच्या गावातला, सातवीत शाळा सुटलेला. अशा बाईनं मला परदेशाबद्दल विचारावं आणि मला उत्तर ठाऊक असावं, ही अल्लाची मेहरबानी. पण फोनवर मी नुसतं "स्वेटर न्या, स्वेटर न्या" करत राहिलो. घाईत मला काही सुचत नाही. म्हणून आता सावकाश लिहितो.

आधी हे सांगतो की मी तिथे माझ्या हुशारीवर गेलो नव्हतो. मी गेलो सुईमुळे.

आमचे अर्बाब, म्हणजे मालक, फळांचे जुने व्यापारी. नव्वदच्या दशकात मी मस्कतला उतरलो तेव्हा त्यांनी मला खोकी उचलायच्या कामावर ठेवलं. पहिल्याच उन्हाळ्यात मी तापानं पडलो, तर या माणसानं मला खोलीवर न सोडता स्वतःच्या घरी नेलं. त्यांच्या बायकोनं मला उठून बसता येईपर्यंत मऊ भात करून घातला. ते मला विसरता येत नाही. पुढे मी त्यांची गाडी चालवू लागलो, घरचं रांधूही लागलो. मग अर्बाबना डायबेटिस निघाला आणि इन्सुलिन सुरू झालं. भर बाजारात ट्रकवाल्यांना एका हाकेत गप्प करणारा हा उंच माणूस, पण सुई दिसली की डोळे गच्च मिटायचे. मुलांनी टोचलं तर ओरडायचे. "तेरा हाथ मच्छर जैसा है," मला म्हणायचे. ही माझी तारीफ होती. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळची सुई माझ्याकडे आली.

मग दुबईहून साओ पाउलोला थेट विमान सुरू झालं आणि अर्बाबनी ठरवलं की लिंबं आणि खरबुजं तिकडून आणायची, स्वतः हातात घेऊन बघून. मुलांना आपापली दुकानं होती. "याला न्या," थोरला म्हणाला. "सुई यालाच येते."

निघायच्या दिवशी मामांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. घरच्या मालकिणीला इथे सगळे कामवाले 'मामा' म्हणतात. मामांनी हलवा पाठवलाय असं मी गावी सांगितलं की आईला अजून दाढीवाला माणूसच दिसतो. तर मामा म्हणाल्या, "सुई दिली की अर्ध्या तासात पोटात खाणं गेलं पाहिजे. नाही गेलं तर साखर खाली जाते आणि माणूस उभ्या उभ्या पडतो. तिथून मला काही आणू नकोस. हा माणूस तेवढा परत आण."

"इन्शाल्ला, मामा," मी म्हणालो, आणि माझी झोप गेली ती गेलीच. शर्टाच्या खिशात साखरेच्या पुड्या, पँटच्या खिशात ग्लुकोज बिस्किटं, खांद्याच्या पिशवीत खजूर. विमानातल्या बाईला मी "जेवण कधी, जेवण कधी" असं इतक्यांदा विचारलं की शेवटी तिनं सगळ्यांच्या आधी आमच्यापुढे ताट ठेवलं.

आता शहराचं सांगतो. माझी कल्पना होती जंगल असेल, मोठी नदी असेल, पोपट असतील. विमान खाली आलं तर इमारती. नजर जाईल तिकडे इमारती, तांदळाचं पोतं फुटावं तशा सांडलेल्या. मस्कत म्हणजे डोंगरांच्या कुशीतलं पांढरं, बुटकं शहर. तिथून गेलेल्या माणसाची मान पहिल्या दिवशी दुखणारच.

थंडीचं फोनवर बोललो तेच. रमजान ईद नुकतीच झाली होती, मस्कतला अजून घामाच्या धारा होत्या. तिथे सकाळी बारीक पाऊस, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा हुडहुडी. अर्बाब दिशदाशा घालतात, म्हणजे पायघोळ पांढरा अंगरखा. त्यावर त्यांनी हॉटेलशेजारच्या दुकानातला जाडजूड हिरवा कोट चढवला, डोक्यावर नक्षीची ओमानी टोपी होतीच. असा माणूस त्या शहरानं आधी पाहिला नसावा. बसमधली माणसं काचेला नाक लावून बघायची.

माल दाखवायला एक बाई आल्या. त्यांचे आजोबा लेबनॉनहून तिकडे गेलेले. त्यामुळे अर्बाब मस्कतपासूनच निर्धास्त. "उधर सब अरब है. डरने का नहीं." पण बाईंना अरबी येत होतं ते 'हबीबी' आणि चार खाण्याच्या पदार्थांची नावं, बाकी सगळा कारभार पोर्तुगीज आणि मोडकं इंग्रजी. आणि भेटल्या भेटल्या त्यांनी अर्बाबच्या गालाला गाल लावून मुका घेतला. मग माझा. तिथे ती साधी सलामदुवा आहे, वहिनींनी आणि विशेषतः साहेबांनी दचकू नये. आम्ही दोघं मात्र विजेच्या खांबासारखे उभे. गाडीत बसल्यावर अर्बाबनी आधी टोपी सारखी केली. मग हळूच म्हणाले,

"मामा को बोलने का नहीं."

"क्या, अर्बाब?"

"शाबाश."

जेवण तिथे वजनावर मिळतं. हवं ते ताटात वाढून घ्यायचं आणि ताट काट्यावर ठेवायचं. माझं आयुष्य वजनकाट्याशेजारी गेलं, पण माणसाचं जेवण तोलताना पहिल्यांदा पाहिलं. अर्बाबनी कलिंगडाची फोड काट्यावरून उचलली, आतला गर काढून ताटात ठेवला आणि साल बाजूला ठेवली. "छिलके का वजन मैं किसको नहीं देता." भात आणि काळ्या घेवड्याची उसळ रोज असते, म्हणजे उपाशी राहायची भीती नाही, फक्त उसळीत मांस आहे का ते विचारावं. वरून भुरभुरायला भाजलेल्या रव्यासारखं कसलंसं पीठ ठेवतात. पहिल्या दिवशी मी ते गोड समजून साखर शोधत होतो.

आणि अंगठा. आपल्याकडे कुणी अंगठा दाखवला की काम फिसकटलं समजायचं. तिथे हो, ठीक, आभारी आहे, या पुढे, सगळं अंगठ्यावरच चालतं. मला तर वाटलं सगळं शहर मिळून मला नाही म्हणतंय.

भीतीचंही सांगायला हवं. हॉटेलच्या मॅनेजरनं बजावलं होतं, मोबाइल रस्त्यात हातात धरू नका, घड्याळ बाहीत ठेवा, अंधार पडल्यावर चालत फिरू नका. ते ऐकावं. इथे आपण एसी चालू ठेवून, किल्ली आत ठेवून गाडी दुकानाबाहेर सोडतो. ती सवय विमानतळावरच ठेवून जायची. मी एवढा धसका घेतला की पिशवी पोटाशी धरून अर्बाबच्या पाठीला चिकटून चालायचो. "तूने मेरे को अरेस्ट किया क्या?" ते विचारायचे.

तिथली घाऊक मंडई पाहिली तेव्हा मात्र मी सगळी भीती विसरलो. एका गाळ्यावर काजूचे बोंडू! आमच्याकडे बी पिळून घेतात आणि बोंडू झाडाखाली कुजतात. तिथे अंडी मांडावीत तसे एकेक मांडलेले, लाल आणि पिवळे. मी एक खाल्ला. घशाला तीच खाज, बोटांना तोच वास. "हे आमचं!" मी बाईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमचं कसलं? इथूनच जहाजानं तुमच्याकडे गेलं." अर्बाबनी दोघांकडे बघितलं. "लेकिन जहाज किसका था? अरब का होगा."

असे दिवस मजेत चालले होते. सुई वेळेवर, नाश्ता वेळेवर. मग रविवार आला.

सकाळी मी खोलीत सुई दिली. अर्बाब म्हणाले, "मैं नीचे जाता, तू आ." मी इन्सुलिनची बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली, हात धुतले आणि मागच्या लिफ्टनं खाली गेलो. नाश्त्याच्या खोलीला कुलूप. रविवारी तिथे सगळंच उशिरा उघडतं, हेही लिहून ठेवा. बाहेरच्या सोफ्यांवर अर्बाब नाहीत. संडासात नाहीत. दारावरच्या माणसाला मी हातानं पायघोळ अंगरखा दाखवला, डोक्यावर गोल टोपी दाखवली. त्यानं अंगठा वर केला आणि रस्त्याकडे बोट दाखवलं.

सुई टोचलेली, पोट रिकामं, आणि साखर, बिस्किटं, खजूर, सगळं माझ्याकडे!

मी पळत सुटलो. भाषा नाही, पत्ता नाही, तोंडात फक्त कुराणातली आयतुल कुर्सी. कोपऱ्यावर पेपरवाला होता. त्याच्यापुढे पुन्हा अंगरखा, टोपी. "आ!" म्हणाला, डावीकडे. पुढे एक बाई कुत्र्याला फिरवत होती. तिनं माझं नाटक पुरतं बघितलंही नाही, "वेर्दी?" म्हणाली, आणि स्वतःच्या कोटाला हात लावला. कोट हिरवा का, असं विचारत असणार. मी मान हलवून हलवून हो म्हटलं. तिनं सरळ हात केला. रस्ता झाडणाऱ्यानं झाडू टेकून मला उजवीकडे वळवलं. ज्या शहरात मी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो, ते सगळं शहर माझ्या अर्बाबवर लक्ष ठेवून होतं. पण मला त्याचं कौतुक करायला फुरसत नव्हती. मी प्रत्येक वळणावर रस्त्यात पडलेला हिरवा कोट शोधत होतो, आणि मामांना काय सांगू हे एकच डोक्यात.

वळलो तर पुढे आठवड्याचा बाजार भरलेला. आख्खा रस्ता बंद, दोन्ही बाजूंना ताडपत्र्या, विक्रेते एकमेकांवर ओरडतायत, सुरीच्या टोकावर अननसाची फोड लावून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाशी धरतायत. एकानं माझ्याही धरली. मी त्यालाही अंगरखा दाखवला. त्यानं तोंडाजवळ हात नेऊन बाजारभर काहीतरी आरोळी ठोकली, आणि पार टोकाकडून तिला उत्तर आलं.

लिंबांच्या गाळ्यामागे, गिऱ्हाइकाच्या बाजूला नव्हे तर दुकानदाराच्या बाजूला, पालथ्या खोक्यावर अर्बाब बसले होते. टोपी गुडघ्यावर. कपाळ घामानं भिजलेलं, तोंड पिठासारखं पांढरं. पण दोन्ही हातांत भला मोठा ग्लास होता आणि ते पीत होते. समोर गाळ्याची मालकीण, साठीची, आडव्या अंगाची, कमरेवर हात ठेवून त्यांना पोर्तुगीजमध्ये झापत होती. अर्बाब मुकाट मान हलवत होते. घरी मामांपुढे हलवतात तशीच.

"आ गया?" मला बघून म्हणाले. आवाज बारीक होता, पण होता. "दरवाजा बंद था. सोचा थोडा चलूं. इधर निंबू अच्छा दिखा. फिर आंख में अंधेरा. तो बैठ गया."

तो बैठ गया! दुसऱ्याच्या दुकानात, आत शिरून, न विचारता. पण ओमानात हे असंच चालतं. कुणाच्या दारात जाऊन टेकलात तर आधी खजूर आणि कहवा पुढे येतो, नाव-गाव नंतर. जगात याहून वेगळी रीत असते हे अर्बाबच्या गावीच नव्हतं. ते खोक्यावर बसले आणि काहीतरी येईल म्हणून वाट बघू लागले. आणि त्या बाईनं त्यांचं तोंड बघितलं, शेजारच्या गाड्यावरून उसाचा रस आणला, पलीकडून करंजीच्या थोरल्या बहिणीसारखं काहीतरी चीज घातलेलं गरम तळण आणलं, आणि भरवल्यासारखं खायला लावलं. ते मी येईपर्यंत निम्मं संपलं होतं. डोळ्यांत पुन्हा माणूस दिसत होता.

मी खिसे आणि पिशवी रिकामी करायला लागलो. साखरेच्या पुड्या, चुरा झालेली बिस्किटं, खजूर, सगळं लिंबांच्या ढिगावर. बोलायला गेलो तर दात वाजत होते. बाईनं एकदा अर्बाबकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तिचा विचार बदलला. आजारी माणूस हा आहे! तिनं मला दोन्ही खांद्यांना धरून दुसऱ्या खोक्यावर बसवलं, माझ्या कपाळाला पालथा हात लावला आणि रसवाल्याला हाक मारली.

अर्बाब हसायला लागले. आधी बारीक, मग पोट धरून, कोट हलेपर्यंत. "इसको दो, इसको! मेरा खलास, अब इसका शुगर गिरा!" बाईला हिंदी कुठली कळणार, पण तीही हसली, कांदेवाला हसला, रसवाला तर ग्लास सांडत आला.

मी प्यालो. उसाचा रस लिंबू पिळलेला, थंडगार, अगदी आपल्याकडच्यासारखा. अर्धा ग्लास झाला आणि मला रडूच आलं, नाक पुसायलाही हात उचलेना. बाईला वाटलं एका ग्लासात भागत नाही. तिनं आणखी एक मागवला.