अंगी न लागलेलं

भावाचं लग्न झाल्यापासून वहिनी वाळतच चालली होती आणि नणंदेच्या जिभेला आयतं खाद्य मिळालं होतं. ‘काडीवहिनी’ हे नाव तिनंच पाडलेलं. "मन माहेरी, मग इथलं अन्न अंगी लागणार कसं?" असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची. वहिनी हसण्यावारी न्यायची आणि पोट दाबत उठायची.

नणंद नोकरीला होती आतड्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत. तिथे माणसांना दोन साखरांचं पाणी पाजत. लहान कणांची साखर निरोगी आतड्यातून सहज रक्तात उतरते, मोठ्या कणांची जवळजवळ उतरतच नाही. मग लघवीत कोणती किती आली ते यंत्रावर मोजायचं. तुलनेसाठी धडधाकट माणसं लागायची. एकदा एक बाई ऐनवेळी आलीच नाही, तेव्हा नणंद वहिनीला म्हणाली, "चल ना माझ्याबरोबर. नाहीतरी तुला काय धाड भरलीय?"

वहिनी आली. ते गोडमिट्ट पाणी निमूट प्यायली, दुपारपर्यंत बाकावर बसून राहिली.

आकडे उलटेच आले. लहान साखर जेमतेम उतरलेली, मोठी भरपूर. नणंदेनं यंत्राला दोष दिला, नमुना पुन्हा लावला. तेच! प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ही बाई धडधाकट नाही. आतड्याचं अस्तर झिजलंय. खात असेल, पण मिळत काहीच नसेल. कोण आहे ही?"

"माझी वहिनी," नणंद म्हणाली.

पुढच्या तपासण्यांत कळलं, वहिनीला गहू चालत नव्हता. नणंदेनं ते सांगितलं तेव्हा वहिनी रडलीच नाही. सुटल्यासारखी म्हणाली, "म्हणजे माझ्या मनात खोट नव्हती ना, वन्सं? मला तसंच वाटायला लागलं होतं."

नणंदेला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

गहू बंद झाला, वहिनी हळूहळू भरली. भाऊ येईल त्याला कौतुकानं सांगू लागला, "आमच्या ताईनं रोग पकडला!" नणंद दर वेळी मान खाली घाली. शेवटी एकदा, भरल्या घरात, तिच्यानं राहवलं नाही.

"मी काही पकडलं नाही रे. एक माणूस कमी पडलं, म्हणून नेलं तिला. इतकी वर्षं रोज बघत होते, आणि टोमणेच मारत होते."

वहिनीनं ते नाकारलं नाही, की ‘असू दे’ असंही म्हटलं नाही. नणंद तशीच बसून राहिली.