नाक्यावरचा फ्लेक्स आणि राहिलेले आठ

मी मॅरेथॉन पूर्ण केली नव्हती.

गेल्या वर्षी नागावच्या नाक्यावर माझ्या हसऱ्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला होता. 'मॅरेथॉन यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्याच्याखाली माझ्यासोबत सेल्फी काढले. मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं.

खरं म्हणजे बेचाळीसपैकी चौतिसाव्या किलोमीटरला मी फुटपाथवर बसले. उठले ती थेट थकलेल्यांना उचलणाऱ्या व्हॅनमध्ये चढायला.

आज अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. आज सांगून टाकते आणि मोकळी होते.

सुरुवात एका पाहुणीच्या विसरभोळेपणातून झाली. आमच्या होमस्टेमध्ये ती रनिंग शूज विसरून गेली. फोन केला तर म्हणाली, "ठेवा तुम्हालाच." मला ते बरोब्बर बसले. एकोणचाळीस वर्षांची, दिवसभर माशांच्या थाळ्या करणारी मी बीचवर पळायला लागले.

चौथ्या दिवशी अण्णांनी पकडलं. चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस. वाटलं, आता ओरडा खाते.

"पलतेस तं पल. पन पानी बघून पल."

मी त्यांना मोबाइलवरचा ट्रेनिंग प्लॅन दाखवला. दर रविवारी लाँग रन.

"पानी रविवार बघतं काय?"

झालं. प्लॅन गेला उडत. अमावस्येला आणि पुनवेला पहाटे पाणी पार लांब जातं, ओली वाळू टणक होते. म्हणून माझा लाँग रन तिथीवर ठरायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अण्णा पेनाने गोल करायचे.

सासूबाई करवादल्या. "अमावस्येला कोन काय सुरू करतं?"

"आपली होरी कवा थांबली गो अमावस्येला?"

अण्णा सायकलवर माझ्या मागे असायचे. कॅरियरला शहाळ्याच्या पाण्याची बाटली, खिशात गुळाचा खडा. शाबासकी वगैरे काही नाही. फक्त "मागं बघू नको."

अकरा महिने मी असं धावले.

आणि एक साधी गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही.

मॅरेथॉन डांबरावर असते.

फ्लायओव्हरवर पोटऱ्या धरायला लागल्या. चौतीसला पायांनी हात टेकले, असंच म्हणा. व्हॅनमधून अण्णांना फोन केला.

"अण्णा, नाही झालं."

पलीकडून अण्णा म्हणाले,

"माझी चूक हाय. डांबराचा इचारच नाय केला."

मग हळूच, "पोरी, पन फ्लेक्स लागला."

रविवारी प्रिंटवाल्याचं दुकान बंद असतं, म्हणून अण्णांनी शनिवारीच छापून घेतला होता. माझ्यावर इतका भरवसा कुणीच ठेवला नव्हता.

परतीच्या रो-रो बोटीत ठरवलं, घरी गेल्यावर खरं सांगायचं. दारात सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. मागे आख्खी आळी. कुणीतरी तोंडात पेढा कोंबला. तो गिळला, आणि खरं बोलणंही त्याच्यासोबत गिळलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "सांगायचं कवा तं तू ठरव. पन आठ रायलंय तुझं. तेवरं धाव."

मी धावले नाही. आधी पोटरी दुखत होती. मग सीझन होता. मग अण्णांची फुप्फुसं.

हॉस्पिटलात तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी मला आठ बोटं दाखवली.

"हो अण्णा, उद्या," म्हटलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावस्येला, ते पहाटे गेले. त्यानंतर मी शूज पायात घातले नाहीत.

फ्लेक्स अण्णांनीच उतरवून मागच्या दारी नारळाच्या सोडणांच्या ढिगावर टाकला होता, पावसात भिजू नयेत म्हणून. पाणी तापवायला सोडणं आणायला गेलं की माझाच चेहरा माझ्याकडे बघून हसायचा. वर्षभर मी मान फिरवून सोडणं काढली.

काल संध्याकाळी सासूबाई वड्यांचं पीठ काढत होत्या. त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आई, उद्या पहाटे मला धावायचंय. आणि ती मॅरेथॉन..."

"मना म्हाईत हाय."

"काय?"

"मेडल आसतं तं गल्यान घालूनच आली आसतीस." पीठ चाळणं थांबलं नाही. "जा. वड्यांचं मी बघतंय. नवाच्या आत ये, पान वाढायचं हाय."

मला रडू आलं. त्यांनी चाळण माझ्या हातात दिली.

वर्षश्राद्ध तिथीने असतं. तिथी तीच, म्हणून पाणीही तेच. आज पहाटे समुद्र पार लांब गेला होता. अण्णांच्या दिवशी दरवर्षी तो असाच लांब जाणार आहे, हे मला किनाऱ्यावर उभं राहिल्यावर कळलं.

चार किलोमीटर जायचं, चार यायचं. माझा नवरा नितीन अण्णांची सायकल घेऊन मागे. त्याने चेनला तेल घातलं नव्हतं. कुरकुर ऐकू येत होती, म्हणून मागे बघावं लागलं नाही.

आठ झाले. बेचाळीसच्या वरचे दोनशे मीटर नितीनने लक्षात ठेवले होते, तेही झाले.

रनिंग ग्रुपवाले म्हणतील, असं वर्षभराने तुकडा जोडून मॅरेथॉन होत नाही. मान्य. निकालात माझं नाव अर्धवटच राहू दे. ज्यांनी पेढे भरवले त्यांनी मला खुशाल शिव्या घाला, आज सगळ्या गोड लागतील. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

घरी येऊन पाणी तापवायला सोडणं काढली. फ्लेक्सकडे सरळ बघितलं. बाई बरी हसतेय.

उद्या आमच्याकडे गुढी आहे. गेल्या वर्षी नव्हती.

भावपूर्ण तर आहेच. श्रद्धांजली म्हणून एवढंच सांगायचं होतं.

अण्णा, आठ झाले.