मोरचुदाची चिमूट

मैद्याची खळ शिजताना येणारा कोमट, किंचित आंबूस वास मला अजून घरचा वाटतो. वडील पत्रकं लिहीत, मी खळ ढवळत असे. उतरवण्याआधी तिच्यात मोरचुदाची चिमूट टाकायची, म्हणजे कागदाला कीड लागत नाही, हे मी मुळाक्षरांबरोबरच शिकले.

करंजाड्याच्या वाटेवरच्या जुन्या आंब्यावर यंदा भाद्रपदात, रस्ता रुंद करण्यासाठी तोडायच्या झाडांवर घालतात तो लाल रंगाचा आकडा पडला. त्या खोडावर राखी-हिरव्या दगडफुलाचे पापुद्रे आहेत आणि ते खाऊन एक केसाळ सुरवंट जगतो. पुढे त्याचा पांढऱ्या पंखांवर शेंदरी रेघा ओढलेला पतंग होतो. पण त्याआधी तो अंगावरचेच केस उपटून स्वतःभोवती जाळीचा पिंजरा विणतो आणि त्या विरळ, वाऱ्याला मोकळ्या घरात कोष होऊन निजतो. झाडाखाली मासळी विकणाऱ्या वत्सलामावशींच्या पाटीशेजारी बसून मी हे कित्येक दिवस पाहिलं, आणि पेटले. ‘याचं अन्न तोडू नका’ अशा ठळक मथळ्याचं पत्रक लिहिलं, सुरवंट हलक्या हाताने बाजूला केले आणि वाचणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर खोडाला कागदांचा पट्टाच डकवला.

चौथ्या दिवशी मावशींनी लांबूनच हाक मारली. “अगो, ये बघ. तुजी पोरं हालत नाय.”

कागदांच्या कडेला, जिथे खळ ओघळून दगडफुलात मुरली होती, तिथे परत चरायला आलेले सुरवंट आक्रसून पडले होते.

“खळीत काय घातलंस गो?”

मी मोरचुदाचं सांगितलं. मावशींनी मासळीवर पाणी शिंपडलं. “कागद मातर झ्याक बसलाय,” त्या म्हणाल्या. “कुनाच्या बापाला निघायचा नाय.”

मी पाणी मारमारून कागद सोलू लागले, तर दगडफूलही त्याच्या पाठीला चिकटून निघू लागलं आणि खाली उघडी, ओली साल दिसू लागली. तेवढ्यात स्कूटरवरच्या एका गृहस्थांनी थांबून उरलेलं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. “छान लिहिलंय हो,” म्हणाले आणि गेले.

वर, पहिल्या फांदीच्या बेचक्यात, एक पिंजरा उन्हात चमकत होता; आत तपकिरी कोष शाबूत होता. माझा हात तिथवर पोचला नव्हता, म्हणून तो वाचला होता. आणि खाली तो लाल आकडा. त्याच्यापुढे धरायला माझ्याकडे हाच हात होता, खळीने अजून चिकट असलेला.