शिंगांवरचे तीन रंग

त्या पोळ्याला आमच्या बैलांची शिंगं मीच रंगवली. काम खरं गड्यांचं. पण आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, सेलूला कापसाच्या जिनिंगात अडकले होते आणि सासऱ्यांचे हात वयानं कापायचे. बाभळीच्या काडीचं टोक चावून मी कुंचला केला आणि बसले. टोकाकडून लावत आलेला शेंदरी रंग अर्ध्यातच संपला. मग मधे चुना फासला आणि बुडाशी पाळण्याचा उरलेला हिरवा.

दुपारी अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, दारात उभा. तिरंगा लावणाऱ्याला तेव्हा तुरुंग होता. त्यानं शिंगांकडे छडी रोखली. "झंडा है क्या ये? दिल में क्या था, सच बोलो." झेंडा असेल तर बैलजोडी जप्त.

सासरे गयावया करायला लागले. "साहेब, रंग संपला म्हून दुसरा लावलाय तिनं. लय अडाणी हाय." मला असा राग आला!

पण खरं काय होतं? रंग संपला होता, हे खरं. मालकांनी मागच्या खेपेला घरी आले तेव्हा झेंड्याचे रंग कानात सांगितले होते, तेही खरं. काडी हिरव्यात बुडवताना मनात झेंडा होता, की नुसतं शिंग भरायचं होतं? पुष्कळ चाचपलं, एकावर बोट ठेवता येईना. माझ्या बांगड्या वाजल्या की बैल मान वर करायचा. त्याच्या डोक्यात मी असायची, की पेंड, की संध्याकाळ? तिन्हींना तो तशीच मान वर करणार. माझंही तसंच होतं, आणि त्यात लाजायचं काय? माझ्या मनात डोकावून एकच काय ते ठरवायचा हक्क ह्या अमीनला कुणी दिला?

"मलाच ठाऊक न्हाई," मी म्हटलं. "ठाऊक असतं तरी तुमाला सांगितलं नसतं."

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. गुन्हा कशाचा लिहावा हे अमीनलाही कळेना. शेवटी त्यानं शिपायाकडून रॉकेलच्या बोळ्यानं शिंगं पुसून घेतली. पुन्हा हे रंग दिसले तर बैल नेईन, म्हणाला आणि वेशीकडे गेला.

शिंगं उघडीबोडकी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. वेशीवर पोळा फुटायच्या आत शेजारणीकडून शेंदरी आणला. सासरे म्हणाले, "बाई, आता तरी नुसता शेंदरी लाव." मी ऐकत नाही म्हटल्यावर चुन्याची वाटी त्यांनीच पुढं सरकवली.

या खेपेला मी झेंडाच काढला. बैल वेशीकडे निघाले, तिथं अमीन उभा होता, आणि मनात काय आहे ते त्यानं विचारावं, असं मला फार वाटत होतं.