माझ्या वाट्याला आलेली अनियमित दीर्घिका

मेडशीकडच्या मालेगावच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. विज्ञान दिनाला शिक्षकांची रांगोळी स्पर्धा ठेवायची आणि विषय 'दीर्घिकांचे प्रकार' द्यायचा, हे मुख्याध्यापकांना चहा पिताना सुचलं. अब्जावधी ताऱ्यांचे ते अवाढव्य समूह रांगोळीनेच नीट समजतात, हे आम्हाला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

रंग आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "दिवाळी त कवाच गेली मॅडम. आता कायले पाह्यजेत इतके रंग?"

"तारे काढायचे आहेत," मी म्हटलं. त्याने निमूटपणे पुड्या बांधल्या.

भाग घेणारे आम्ही तिघंच. चित्रकलेच्या मॅडमनी सर्पिल दीर्घिका घेतली. मधोमध म्हातारे पिवळसर तारे, वळणदार भुजांमध्ये तरुण, तापलेले निळे. गणिताच्या सरांनी लंबवर्तुळाकार निवडली, कारण एक अंडाकृती काढली की काम संपतं. तिच्यातले बहुतेक तारे जुने, लालसर. वायू जवळजवळ संपलेला, त्यामुळे नवं काही जन्मत नाही. आमच्या स्टाफरूमशी तिचं असलेलं साम्य मी सरांना सांगितलं नाही. उरली अनियमित दीर्घिका.

"तुमचा हात पाह्यता तुमाले हेच बरी," मॅडम प्रेमाने म्हणाल्या.

मी मात्र मनापासून काढली. निळे ठिपके देता देता कंबर धरली.

परीक्षक म्हणून तालुक्यातले एक पुढारी सकाळी येणार होते, ते दुपारी आले. विश्वाचं वय पाहता हा उशीर काहीच नव्हता. सर्पिल पाहून ते म्हणाले, "चकली झकास हाये." लंबवर्तुळाकाराला म्हणाले, "पोळी जराशी करपली." मग माझ्यापाशी थांबले.

"मॅडम, याच्यावरून कोनी चालत गेलं काय?"

"नाही साहेब. हिला ठरावीक आकार नसतो. पण वायू भरपूर असतो, म्हणून नवे तारे सारखे जन्मतात."

"म्हंजे आमच्या पार्टीवानी," ते गंभीरपणे म्हणाले.

फोटोसाठी ते थेट माझ्या दीर्घिकेत उभे राहिले. ते गेल्यावर पाहिलं, तर फारसा फरक पडला नव्हता. या प्रकाराचा तेवढा फायदा.

पहिलं बक्षीस फाटकातल्या रांगोळीला मिळालं. ती शिपाईमामांनी साहेबांच्या स्वागताला काढली होती, 'सुस्वागतम्' चुकीचं लिहून. ती स्पर्धेत नव्हतीच. "मले काहून देऊन राह्यले?" मामा बिचारे ज्याला त्याला विचारत होते.

संध्याकाळी मेडशीच्या एसटीत चित्रकलेच्या मॅडम माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या नखांतला निळा रंग अजून गेला नव्हता.

"हा निळा जमवाले मले लय वेळ लागला," त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या.

"खरी दीर्घिका बी तशीच दिसते मॅडम," मी म्हटलं.

पुढे गर्दी वाढली, तेव्हा पायाशी ठेवलेली माझी पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली.